बोहाड्याची रात्र, वैशाख १९३१

तुम्ही पंचवटीत उभे आहात. साल १९३१, महिना वैशाख. सकाळ पुरती वर आलेली नाही, तरी काळारामाच्या दगडी कोटाचा चटका लागायला सुरुवात झालीय. पेशवाईतले सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलेलं हे देऊळ वर्षभर साऱ्या देशाच्या नजरेत आहे. गेल्या वर्षी २ मार्चला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं इथे आली, दरवाजे त्यांच्या तोंडावर बंद झाले, आणि तो सत्याग्रह अजून संपलेला नाही. आत काळ्या पाषाणाचा राम आहे. त्याला कुणी डोळे भरून पाहायचं, यावर शहर दुभंगलंय.

हे दरवाजे ध्यानात असू द्या आणि पेठच्या रस्त्याला लागा. मीठ, गूळ आणि कापडाचे गठ्ठे घेऊन वर निघालेल्या एका बैलगाडीत तुम्हाला जागा मिळते. रामशेजचा किल्ला मागे पडतो. सावळघाटात बैलांच्या तोंडाला फेस येतो, गाडीवान खाली उतरतो, तुम्हीही उतरता आणि गाडीमागून चालू लागता. सह्याद्रीची कड ओलांडली की मुलूख पालटतो. मागे राहिलं ते गोदावरीचं खोरं. इथून पुढचं पाणी दमणगंगेकडे, पश्चिमेच्या समुद्राकडे जातं. आत्ता मात्र पाणी कुठेच नाही. उतारांवर काळे चौकोन दिसतात. पालापाचोळा आणि शेण पसरून लोकांनी राब भाजलाय, पहिल्या पावसात तिथे नागली आणि भाताची रोपं टाकायची आहेत. मोहाची फुलं वेचून, वाळवून झालीत. करवंदाच्या जाळ्या काळ्या पडल्यात. शेतात काम नाही आणि पाऊस दीड महिन्यावर आहे. बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे चढवून नाचायचा उत्सव, होतो तो याच दिवसांत. त्याला कुठे भोवाडा म्हणतात, कुठे आखाडी, कुठे नुसता जगदंबेचा उत्सव. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा सगळ्या जमातींचा हा उत्सव. पेठ-सुरगाण्यापासून पलीकडे मोखाडा-जव्हारपर्यंत आणि उत्तरेला डांगापर्यंत गावोगावच्या रात्री आता जागायच्या आहेत.

गावात शिरताच पहिला आवाज कानी येतो तो वाकसाचा. आंब्याखाली एक म्हातारा मांड्यांमध्ये पांगाऱ्याचा ओंडका धरून बसलाय. जवळ जाऊन बसा, तो काही बोलणार नाही. त्याच्या हाताकडे बघा. बाहेरून नाक, भुवया, फुगीर गाल असं रूप येऊ लागलंय, पण त्याचं जास्त लक्ष आतल्या बाजूकडे आहे. पटाशीनं तो आतून लाकूड कोरतो, पालथा हात आत घालून चाचपतो, पुन्हा कोरतो. हे तोंड माणसाच्या तोंडावर रात्रभर बसायचं असतं. लाकूड जाड राहिलं तर नाचणाऱ्याची मान धरते, पातळ झालं तर पहिल्या धक्क्याला तडकतं. म्हणून लाकूड हलकं हवं. पांगारा, सावर, उंबर चालतात. सागाचा मुखवटा टिकतो, पण साग सरकारचा. १९२७च्या वनकायद्याला चारच वर्षं झालीत आणि ज्या झाडाखाली आजा-पणजा वाढले, त्याला हात लावायचा तर रखवालदाराची मर्जी सांभाळावी लागते. देवाचा चेहरा कुठल्या लाकडाचा असावा, हेसुद्धा या डोंगरात सरकारच्या एका कायद्यानं बरंचसं ठरवून टाकलंय.

नवा मुखवटा क्वचितच होतो. बाकीचे जुने आहेत, आणि ते देवळात नाहीत, घरांत आहेत. गणपतीचं सोंग एका घराकडे, भीमाचं दुसऱ्याकडे, खंडेरावाचं तिसऱ्याकडे. बापाकडून मुलाकडे तो मान जातो. मानाबरोबर जबाबदारीही जाते. डागडुजी करायची, रंग द्यायचा, वाळवीपासून राखायचं, आणि बोहाड्याच्या रात्री घरातल्या कुणीतरी ते अंगावर घ्यायचंच. तुम्ही एका घरात वाकून शिरता. कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, चुलीचा धूर छपरात अडकलेला. आढ्याजवळ टोपल्यात, फडक्यात गुंडाळून काहीतरी ठेवलंय. तुमचा हात सहज वर जातो.

“हात नको लावू, पाहुण्या,” चुलीपाशी बसलेली म्हातारी म्हणते. रागानं नाही म्हणत. लहान मुलाला विस्तवापासून मागे ओढावं, तसं म्हणते.

तिचा मोठा मुलगा आज सकाळपासून उपाशी आहे. रात्री त्याला नरसिंह व्हायचंय.

अंधार पडतो तसं गाव एका वाटेभोवती गोळा होतं. वाटेच्या एका टोकाला देवीचा मांडव आहे, दुसऱ्या टोकाला आडोसा आहे. आडोशामागे माणसं सोंगं होतात आणि तिथून मांडवापर्यंतची वाट नाचत कापतात. रंगमंच नाही, पडदा नाही. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, पोरं मांडीवर, म्हातारे घोंगडीवर. खुरासणीच्या तेलात भिजवलेल्या चिंध्यांच्या दिवट्या पेटतात आणि तो वास तुमच्या कपड्यांत कायमचा बसतो. संबळवाल्यानं कमरेला जोडी बांधलीय, सनईवाल्यानं गाल फुगवलेत. पहिला येतो तो गणपती. त्याच्यामागून सरस्वती, कमरेभोवती मोराचा सांगाडा बांधून. लुगडं कुणाच्या तरी घरून आणलंय, पायात चाळ आहेत, आणि आत पुरुष आहे. देव असो की देवी, सोंग घेतो पुरुषच. बायका ओवाळतात, आणि मी पाहिलंय की या रात्रीवर खरी हुकमत त्या ओवाळणाऱ्या हातांचीच असते. ताट पुढे येईपर्यंत सोंग पुढे सरकत नाही.

आता नीट ऐका. संबळ बदलला. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, ठेका निराळा. गणपती डुलत येतो, भीम धपधप पाय आपटत येतो, वेताळ आला की पोरं आईच्या पाठीमागे जातात. गावातल्या कुणाही मुलाचे डोळे बांधा, तो नुसत्या ठेक्यावरून सांगेल आता कोण निघालंय ते. आडोशातून बाहेर पडणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नसतं. लाकडाला पाडलेल्या लहानशा भोकांतून दिवटीचा हलता उजेड, धूर आणि पायांखालची हातभर जमीन एवढंच. म्हणून त्याच्याबरोबर एक माणूस चालतो, मागून कमरेचा शेला धरून. तो त्याला वळवतो, थांबवतो, खड्ड्यातून काढतो. प्रेक्षक म्हणून तुमचं त्याच्याकडे लक्षही जाणार नाही, पण त्या रात्रीचा अर्धा भार त्याच्या मुठीत आहे.

दोन सोंगं येतात, तीन पावलं पुढे आणि दोन मागे. धनुष्यं बांबूची, मुकुट कागदाचे. राम आणि लक्ष्मण. एक बाई ताट घेऊन पुढे होते, ओवाळते, वाकून रामाच्या पायांना हात लावते. ते पाय अनवाणी आहेत, टाचांना भेगा आहेत, उद्या सकाळी ते राबाच्या राखेत उभे असणार आहेत. दोन दिवसांच्या वाटेवर नाशकात याच देवाच्या दारात माणसं अडवून धरलीत आणि इथे, ज्यांना शहरात कुणी दारात उभं करत नाही अशा माणसांच्या खांद्यांवर तो नाचतोय. या डोंगरात आपपरभाव नव्हता असं मी म्हणणार नाही. तोही होता, पाण्यापासून पंगतीपर्यंत होता. पण देवाची किल्ली पुजाऱ्याच्या कनवटीला नव्हती. ज्या घराकडे सोंग, त्या घरानं उपास धरायचा आणि देव व्हायचं, इतकी ती सरळ गोष्ट होती. रामायण-महाभारतातल्या देवांना या लोकांनी आपल्या घरादारात वाटून घेतलं आणि वाटताना राक्षसांनाही वगळलं नाही. रावणाची दहा तोंडं त्याच मायेनं पुसली जातात, हिडिंबेला तसंच ओवाळलं जातं.

मध्यरात्र उलटल्यावर नरसिंह निघतो. सकाळपासून उपाशी असलेला तो माणूस त्याच्या आत कुठे आहे, ते तुम्ही शोधू नका. संबळ वाढत जातो. शेला धरणारे एकाचे दोन होतात, दोनाचे चार. सोंगाचं अंग थरथरायला लागतं, लाकडाच्या आतून एक आवाज येतो आणि तो माणसाचा की आणखी कशाचा, हे ठरवायला तुम्हाला सवड मिळत नाही. “वारं आलं,” शेजारचा म्हणतो आणि हात जोडतो. भगत पुढे होतो, राख लावतो, कानाशी काही पुटपुटतो. कितीतरी वेळानं मुखवटा उतरतो. आतून निघतो तो घामानं निथळणारा, भांबावलेला एक शेतकरी. त्याला कुणीतरी तांब्या देतं. मुखवटा जमिनीवर ठेवत नाहीत, तो हातोहात फडक्यात जातो.

बोहाडा एका रात्रीत आटपत नाही. कुठे तीन रात्री चालतो, कुठे त्याहून जास्त. शेवटच्या रात्रीला उजाडता उजाडता देवी आणि म्हैषासुर समोरासमोर येतात. त्या वेळेला कुणीही झोपलेलं नसतं. रेड्याचं शिंगांचं तोंड आणि देवीचं शेंदरी तोंड एकमेकांभोवती घिरट्या घालतात, गाव श्वास धरून बसतं, आणि पूर्वेकडे फटफटत असताना म्हैषासुर पडतो. देवीचा जयजयकार होतो. नागलीची भाकर आणि उडदाचं वरण पोटात जातं. माणसं घरी जातात, मुखवटे आढ्याला जातात, आणि मग पावसाची वाट.

तुम्ही मात्र अजून परतू नका. त्याच सालात राहा, फक्त चार महिने पुढे आणि आठ हजारांहून अधिक किलोमीटर पश्चिमेला चला. ६ सप्टेंबर १९३१. पश्चिम आफ्रिकेत, त्या वेळी फ्रेंच सुदान म्हणत त्या मुलखात, आजच्या मालीत, केमेनी नावाचं गाव. इथेही मातीचं एक घर आहे आणि त्यात फडक्यांआड, धुरात, काहीतरी राखून ठेवलंय. बंबारा लोकांच्या ‘कोनो’ नावाच्या गुप्त मंडळाची ती पवित्र वस्तू. दारात मात्र पॅरिसहून आलेले पाहुणे आहेत. मार्सेल ग्रियोल या मानववंशशास्त्रज्ञाची मोहीम मे महिन्यात फ्रान्सहून निघाली, ती आफ्रिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे, डकारपासून जिबूतीपर्यंत ओलांडणार आहे. गावकरी सांगतात, आत जायचं तर आधी बळी द्यावा लागेल. पाहुण्यांना तेवढा धीर नाही. पोलिसांचा धाक घालून, दहा फ्रँक हातावर टेकवून ते कोनो उचलून नेतात. ही हकीकत मोहिमेचा चिटणीस मिशेल लेरिस यानं स्वतः रोजनिशीत लिहिली आणि १९३४ साली छापली, म्हणून आपल्याला ती कळते. लिहिताना त्याला आपण काय केलंय ते कळत होतं. उचलणं थांबलं मात्र नाही. दोन वर्षांत सुमारे साडेतीन हजार वस्तू पॅरिसला गेल्या.

त्यांच्यामागून तुम्हीही जा. त्रोकादेरोच्या वस्तुसंग्रहालयात चांगला उजेड आहे. याच इमारतीत १९०७ साली पिकासो आफ्रिकी मुखवट्यांपुढे उभा राहिला आणि युरोपच्या चित्रकलेला वळण लागलं असं सगळी पुस्तकं सांगतात. ते खरंही आहे. पण तुम्ही आत्ताच बोहाडा पाहून आलात, तेव्हा काचेआडच्या त्या लाकडी चेहऱ्याकडे तुमच्या डोळ्यांनी बघा. अंगावरचा वाखाचा झगा नाही. ढोल नाही. कमरेचा शेला धरणारा नाही. उपास नाही, ओवाळणारी नाही, भ्यालेलं पोर नाही. ज्याला पाहून लोक हात जोडत किंवा वाट सोडून पळत, त्याचं एक लाकूड तेवढं उरलंय आणि खाली क्रमांक चिकटवलाय. योरुबा लोकांच्या गेलेडे उत्सवातला मुखवटा तर तोंडावर घालतही नाहीत, डोक्यावर टोपासारखा बसवतात, आणि तोही पुरुषच घालतात, गावच्या मातांचा, म्हाताऱ्या बायांच्या सामर्थ्याचा मान राखण्यासाठी. कोरडा ऋतू सरताना, नव्या पेरणीच्या तोंडावर ते नाचतात. आपल्या बोहाड्यासारखंच, पावसाच्या उंबरठ्यावर. दोघांची कधी गाठ पडली नसेल. तरी शेती करणाऱ्या माणसाला पावसाआधी देवाला एकदा प्रत्यक्ष अंगणात बोलवावंसं वाटतं, हे दोन्हीकडे सारखं आहे. २००८ साली युनेस्कोनं गेलेडेचं नाव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. तिथं नोंद झाली ती उत्सवाची, नुसत्या लाकडाची नव्हे. ती दृष्टी मला योग्य वाटते.

आफ्रिकेनं आपले चेहरे परत मागायला सुरुवात करून बराच काळ झाला. १८९७ साली ब्रिटिशांनी आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं, त्यात राजमाता इदिया हिचा हस्तिदंती मुखवटा गेला. १९७७ साली लागोसला भरलेल्या आफ्रिकी कला महोत्सवानं तोच मुखवटा बोधचिन्ह म्हणून घेतला, पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं तो काही दिवसांसाठीसुद्धा दिला नाही. २०२१च्या नोव्हेंबरात फ्रान्सनं आबोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू बेनिन देशाला परत केल्या, पुढच्या वर्षी जर्मनीनं नायजेरियाला त्या लुटलेल्या बेनिन शहरातले ब्राँझ द्यायला सुरुवात केली. इदिया अजून लंडनमध्येच आहे.

आता आपल्या काळात, पुन्हा त्याच डोंगरात या. बोहाडा मेलेला नाही. दिवट्यांच्या जागी विजेचे झोत आले, संबळाला ध्वनिवर्धक लागला, गेरू आणि काजळाच्या जागी तैलरंग आला. कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे जव्हारकडे होतात आणि बाजारातही जातात. यातलं काहीच मला खुपत नाही. ज्या घराकडे सोंग आहे त्या घरानं ते कागदाचं करावं, लाकडाचं करावं, हवा तो रंग द्यावा, तो त्यांचा अधिकार आहे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे ठेवलेत, ते जाऊन जरूर बघा. ज्ञानासाठी जपलेल्या वस्तूचं मोल मला मान्य आहे.

खुपतं ते दुसरंच. जुना, घामानं काळवंडलेला, आतून चेहऱ्याच्या घर्षणानं गुळगुळीत झालेला मुखवटा शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसतो, आणि मग कुणाच्या तरी दिवाणखान्यात. इथे कुणी बंदूक दाखवलेली नसते. दुष्काळी वर्ष असतं, आजारपण असतं, मुलगा कामाला नाशकात किंवा गुजरातेत गेलेला असतो, सोंग घ्यायला घरात माणूस नसतो. व्यापारी येतो आणि केमेनीच्या दहा फ्रँकांसारखी काही रक्कम ठेवून जातो. कायद्याचा आधारही तोकडा आहे. १९७२चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा असल्या वस्तूला पुरावशेष मानतो तो ती शंभर वर्षांची झाल्यावर. १९३१च्या वैशाखात त्या म्हाताऱ्यानं आंब्याखाली कोरलेला मुखवटा कुठे टिकून असेल, तर कायद्याचं छत्र त्याला २०३१ साली मिळेल. तोपर्यंत त्या कायद्यासाठी ते जुनं लाकूड.

म्हणून वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. घरी मुखवटा लावायची हौस असेल तर नवा घ्या, करणाऱ्याच्या अंगणात जाऊन घ्या, आणि तो सांगेल तो भाव घासाघीस न करता द्या. नाचलेला मुखवटा घेऊ नका. कुणी विकायला आणलाच, तर तो कुठल्या गावचा आणि कुठल्या घराचा एवढं तरी विचारा. त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथून उठा. आणि येत्या चैत्र-वैशाखात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, मोखाडा यांपैकी कुठेही ओळख काढून एक रात्र बोहाड्याला जा. म्हैषासुर पडेपर्यंत थांबा, सोंगाच्या डोळ्यांवर मोबाइलचा उजेड मारू नका, आणि ओवाळणीच्या ताटात काहीतरी टाकायला विसरू नका.